छप्पर ज्याचे, सूर्य त्याचा?

विजेचे बिल शून्यावर आणून देण्याचे वचन सध्या कोल्हापुरात इतक्या फलकांवर रंगवलेले दिसते की, उद्या महापालिकेने घरपट्टी शून्य केल्याचे जाहीर केले तरी कोणाला नवल वाटू नये. छपरावर सौर पॅनेल बसवा. अनुदान सरकार देते, कर्ज बँक देते आणि सूर्य तर फुकटच आहे. मग बिल कसले? पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये मंजूर केले आणि एक कोटी घरांना दरमहा ३०० युनिटपर्यंत वीज 'मोफत' मिळेल असे देशाला सांगण्यात आले. लोकसभेची निवडणूक तेव्हा दोन महिन्यांवर होती. हा योगायोग समजावा.

या योजनेबद्दल समाजवादी कार्यकर्त्यांत दोन सोप्या भूमिका ऐकू येतात. एक अशी की, हे सुखवस्तू मध्यमवर्गाचे खेळणे आहे, श्रमिकांच्या चळवळीला त्याचे काय? दुसरी अशी की, सौरऊर्जा पुरोगामी आहे, प्रदूषणविरहित आहे, तेव्हा तिला पाठिंबा देऊन मोकळे व्हावे. दोन्ही भूमिकांत आकडेमोडीचा कंटाळा तेवढा समान आहे. पॅनेलने बिल कमी होते की नाही, झाले तर कोणाचे आणि किती, आणि जे कमी झाले ते शेवटी कोणाच्या खिशातून भरून निघते, हे तीन प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन सोडविल्याशिवाय राजकीय भूमिका ठरविणे म्हणजे मतपत्रिका न वाचता शिक्का मारण्यासारखे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: बिल कमी होते, चांगले भरघोस कमी होते. हे नाकारण्यात काही अर्थ नाही. कोल्हापूरच्या उन्हात एक किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो, म्हणजे महिन्याला सरासरी ११५ युनिट धरण्यास हरकत नाही. त्याला सावली नसलेली शंभर चौरस फूट जागा लागते. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे असे होते. त्यावर दरमहा १२८ रुपये स्थिर आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीजशुल्क. २०२५ मध्ये दरांचे आदेश मार्चमध्ये एकदा आणि जूनमध्ये पुन्हा एकदा निघाले, आकडे पुढेमागे सरकले. पण टप्प्यांची जी पायरी-पायरीची रचना आहे ती तशीच राहिली, आणि येथे महत्त्व त्या रचनेलाच आहे. इंधन समायोजनाचा आकार बाजूला ठेवून हिशेब केला तरी चित्र स्पष्ट दिसते.

महिन्याला २५० युनिट वापरणारे घर घ्यावे. फ्रिज, पाणी चढविणारी मोटर, दूरदर्शन संच, चार पंखे, थंडीत गीझर. रुईकर कॉलनीतील अथवा राजारामपुरीतील एखादे नोकरदाराचे घर. त्याचे बिल या दरांनी सुमारे २,८२५ रुपये येते. दोन किलोवॅटचा संच बसविला तर सरासरी २० युनिटच विकत घ्यावे लागतात आणि बिल २८५ रुपयांच्या आसपास येऊन थांबते. नव्वद टक्के घट! शून्य मात्र नव्हे. स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क जात नाही, जाणारही नाही, कारण रात्री पंखा फिरविण्यासाठी तारा महावितरणच्याच लागतात. किलोवॅटमागे संचाची किंमत ६५ हजार धरली आणि दोन किलोवॅटचे ६० हजारांचे अनुदान वजा केले, तर घरमालकाच्या खिशातून ७० हजार जातात आणि ते सव्वादोन वर्षांत परत येतात. बँकेच्या कोणत्याही ठेवीला न मिळणारे हे व्याज आहे. ज्याला शक्य आहे त्याने पॅनेल बसविले तर त्याला दोष देणारा कार्यकर्ता मूर्ख ठरेल.

परंतु 'ज्याला शक्य आहे' या तीन शब्दांतच सारे राजकारण आहे.

तोच एक किलोवॅटचा संच, तोच सूर्य, सरकारचे तेच ३० हजारांचे अनुदान. फक्त छप्पर बदलावे. महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घरावर तो बसविला तर वर्षाला वाचतात सुमारे साडेसहा हजार रुपये. २५० युनिट वापरणाऱ्याच्या घरावर बसविला तर वाचतात १८ हजारांहून अधिक. आणि ४५० युनिट वापरणाऱ्या, खोलीखोलीत वातानुकूलन असलेल्या बंगल्यावर बसविला तर वाचतात २५ हजार. कारण उघड आहे. पॅनेलचे युनिट बिलातून वजा होतात ते वरच्या पायरीवरून, सर्वांत महाग युनिटांपासून. ज्याचा वापरच खालच्या स्वस्त पायरीवर संपतो, त्याच्या पॅनेलला खाण्यासाठी महाग युनिट नसतातच. शिवाय ८० युनिटांच्या घरात ११५ युनिट तयार झाले तर उरलेले ३५ जातात कोठे? पुढच्या महिन्यात जमा होतात, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले की शिल्लक युनिट आयोगाने ठरविलेल्या अल्प दराने महावितरण घेऊन टाकते. गरिबाच्या छपरावरचा सूर्यसुद्धा स्वस्तात विकला जातो.

ही अपवादात्मक घरांची गोष्ट नव्हे. जून २०२५ मध्ये दरकपात जाहीर करताना खुद्द राज्य सरकारनेच सांगितले की, राज्यातील सुमारे ७० टक्के ग्राहक महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरतात. म्हणजे ज्यांना या योजनेचा लाभ सर्वांत कमी, ते बहुसंख्य. ज्यांना सर्वांत अधिक, ते मूठभर. तीन किलोवॅटचा संच बसविणाऱ्या बंगल्याला ७८ हजार रुपये सार्वजनिक तिजोरीतून मिळतात आणि त्याचे सव्वासहा हजारांचे बिल नऊशेवर येते. म्हणजे वर्षाला ६४ हजारांची बचत. शंभर युनिटांच्या आतल्या घराला मिळतात ३० हजार, तेही आधी सारे पैसे स्वतः उभे केले तर. कारण अनुदान खात्यावर जमा होते ते संच बसून, तपासणी होऊन, मीटर बदलल्यानंतर. तोवरचे ६५ हजार कोणी द्यायचे? बँका सुमारे सात टक्क्यांनी कर्ज देऊ लागल्या आहेत हे खरे. परंतु बँकेच्या दारात उभे राहण्यासाठी जी कागदपत्रे लागतात ती असलेला माणूस मुळात या गटात किती सापडतो?

राज्य सरकारला हा दोष दिसला नाही असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'स्मार्ट' या नावाने राज्याची पूरक योजना आली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळून त्याच्या वाट्याला अडीच हजारच राहतील अशी व्यवस्था आहे; शंभर युनिटांच्या आतल्या इतर दुर्बल ग्राहकांसाठीही १० ते १५ हजारांची तरतूद आहे. दिशा योग्य आहे, तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु उद्दिष्ट काय? पाच लाख घरे. दोन कोटींहून अधिक घरगुती ग्राहक असलेल्या राज्यात पाच लाख. शिवाय अनुदान कितीही वाढविले तरी ते शेवटी छपरावरच उतरते, आणि छप्पर नसेल तर ते हवेत राहते.

तेव्हा कोल्हापूरची छपरे पाहावीत. ताराबाई पार्क, नागाळा पार्क येथील बंगल्यांच्या गच्च्या पॅनेलसाठी जणू बांधूनच ठेवल्या आहेत. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेत शिरले की कथा बदलते. चिंचोळ्या बोळात तीन मजली इमारत शेजारच्या कौलारू घरावर दुपारी दोनलाच सावली टाकते. आणि मालिकेने जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली तरी साऱ्या ओळीचे उत्पादन घसरते. मिळकतपत्रिकेवर सात वारस, मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, चुलत्याची सही मिळत नाही. अर्ज भरायचा तर वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर हवी. भावकीचा हा गुंता सोडवायला दिल्लीचे संकेतस्थळ काय कामाचे? राजेंद्रनगरच्या पत्र्यांवर किलोवॅटचा लोखंडी सांगाडा पेलणार नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी तालुक्यांतील कौलारू घरांचीही तीच स्थिती. इचलकरंजीत यंत्रमागावर राबणारा कामगार दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या डोक्यावरचे छप्पर घरमालकाचे, मीटर घरमालकाचे, आणि उपमीटर लावून युनिटचा दर ठरविणाराही घरमालकच. उद्या त्या घरमालकाने पॅनेल बसविले, त्याची वीज जवळजवळ फुकट झाली, म्हणून तो कामगाराकडून युनिटमागे घ्यायचे पैसे कमी करील असे समजणाऱ्याने घरमालक पाहिलेला नसावा.

सदनिकांतील मध्यमवर्गालाही फार हुरळून जाण्याचे कारण नाही. वीस सदनिकांच्या इमारतीची गच्ची दोन हजार चौरस फूट असली, पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली आणि सावली यांची जागा सोडून दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक किलोवॅटसुद्धा येत नाही. गृहनिर्माण संस्थेला सामाईक दिवे, पाण्याची मोटर आणि उद्वाहक यांसाठी अनुदान मिळते ते किलोवॅटमागे १८ हजार. बंगल्याला पहिल्या दोन किलोवॅटसाठी ३० हजार, सामाईक गच्चीला १८ हजार! सामाईकपणाला सरकारी हिशेबात हा भाव आहे.

आता विक्रेत्यांच्या बोलण्यात न येणाऱ्या काही गोष्टी. पावसाळ्यात कोल्हापुरावर ढग आठवडे-आठवडे ठाण मांडून बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन उन्हाळ्याच्या मानाने फारच खाली जाते. एप्रिल-मेमध्ये जमा झालेले युनिट तेव्हा उपयोगी पडतात, त्यामुळे वर्षाचा हिशेब जुळतो, महिन्याचा जुळत नाही. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारी काजळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना जशी सोडीत नाही तशी पॅनेललाही सोडीत नाही; दर पंधरवड्याला धुतले नाही तर युनिट कमी होतात. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, दरवर्षी थोडे थोडे क्षीण होत जाते. परंतु त्याचा इन्व्हर्टर त्याआधीच, बहुधा दहा-बारा वर्षांच्या आत, बदलावा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्यांदा अनुदान नाही. सर्वांत मोठा गैरसमज वेगळाच आहे. वीज गेली तरी आपल्या घरी दिवे लागतील असे अनेकांना वाटते. बॅटरी नसलेला, वाहिनीशी जोडलेला संच वाहिनीतील वीज गेली की आपोआप बंद पडतो. तसा तो पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर दुरुस्तीस चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत पंचगंगेकाठची गावे दिवसेंदिवस अंधारात होती. तशा अंधारात छपरावरचा तीन किलोवॅटचा संचही अंधारातच बसतो.

हे सारे ग्राहकाने समजून घ्यावयाचे धोके झाले. त्याहून गंभीर प्रश्न तिसरा: वाचलेले पैसे कोण भरतो?

महाराष्ट्रातील वीजदर ही एक प्रकारची सामाजिक वर्गणी आहे. उद्योग, व्यापारी आणि वरच्या पायऱ्यांवरील घरगुती ग्राहक सरासरी खर्चापेक्षा अधिक दर देतात. त्या अधिकातून शेतीपंपाचा आणि खालच्या पायरीवरील घराचा दर खाली ठेवला जातो. या वर्गणीत अन्याय पुष्कळ आहेत, गळती आणि चोरी तर आहेच. तरीही तिचे तत्त्व समाजवाद्यांनी नेहमीच मान्य केले आहे. ज्या बंगल्याचे बिल सव्वासहा हजारांवरून नऊशेवर आले, तो या वर्गणीतून जवळजवळ बाहेर पडला. महावितरणचा त्या युनिटांपुरता वीजखरेदीचा खर्च वाचला, हे कबूल. परंतु तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, वायरमनचे पगार आणि जुन्या कर्जावरचे व्याज यांतले काही वाचले नाही. उलट संध्याकाळी सात वाजता, पॅनेल निजलेले असताना, त्याच बंगल्याला लागणारी वीज महाग बाजारातून आणावी लागते, आणि त्याबदली दुपारचे स्वस्त युनिट बरोबरीने जमा धरले जातात. ही तूट पुढच्या दरनिश्चितीत उरलेल्या ग्राहकांवर वाटली जाते. उरलेले कोण? ज्यांना छप्पर नाही ते. ताराबाई पार्कातील गच्चीची तार मंगळवार पेठेतील भाडेकरू पोसतो, असा हा उलटा न्याय आहे.

पॅनेल अजून थोड्याच घरांवर आहेत, तोवर ही तूट डोळ्यांत भरणार नाही. ती वाढली की काय होते हे पाहण्यासाठी फार लांब जायला नको. पाकिस्तानने २०२४ या एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॅटची सौर पॅनेले आयात केली. विजेचे दर असह्य झाले होते. ज्यांच्याकडे गच्ची आणि पैसा होता त्यांनी सूर्याचा आश्रय घेतला. वीजकेंद्रांना करारानुसार द्यावयाचे स्थिर पैसे मात्र होते तेवढेच राहिले, आणि ते वाहिनीवर उरलेल्यांच्या बिलात वाढत गेले. दर वाढला की आणखी श्रीमंत बाहेर पडतात, आणखी श्रीमंत बाहेर पडले की दर आणखी वाढतो. शेवटी मार्च २०२५ मध्ये तेथील आर्थिक समन्वय समितीने नव्या छपरी विजेचा खरेदीदर युनिटमागे २७ रुपयांवरून १० रुपयांवर आणण्यास मंजुरी दिली. म्हणजे आधी येऊन बसले ते बचावले, मागाहून पै-पै साठवून आलेले फसले.

आपल्याकडे महावितरणला हे चक्र कळत नाही असे समजू नये. २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळी कंपनीने मांडलेला विचार असा होता की, दिवसा तयार झालेले युनिट दिवसाच्याच वापरातून वजा व्हावेत, संध्याकाळच्या वापरातून नव्हेत. ग्राहक संघटनांनी त्याला कडाडून हरकत घेतली आणि ती रास्त होती. सामान्य घर दिवसा रिकामे असते. माणसे कामावर, मुले शाळेत. पंचवीस वर्षांचा हिशेब मांडून ज्याने कर्ज काढले त्याच्या पायाखालचा नियम मध्येच ओढून घेणे हा विश्वासघात आहे. तूट आहे, पण ती भरण्यासाठी दोन किलोवॅटवाल्या मास्तरांना आणि दहा किलोवॅटवाल्या बंगल्याला एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे, कारकुनी आहे. इचलकरंजीतून चालणारी महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना आणि तिचे अध्यक्ष प्रताप होगाडे वीजदरांच्या लढाया आयोगापुढे वर्षानुवर्षे आकड्यांनिशी लढत आले आहेत; चळवळीला आकडेमोड येते याचा हा घरचाच पुरावा आहे.

मूळ चूक अनुदानाच्या आकड्यात नाही, मालकीच्या कल्पनेत आहे. वीज ही घराघराने आपापली करून घेण्याची वस्तू आहे, असे हे धोरण धरून चालते. या देशाने एकेकाळी याच्या उलट विचार केला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४२ ते १९४६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचेही धोरण होते. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही, औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, आणि ही वीज खाजगी नफ्यावर सोडता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य मंडळांची वाट मोकळी झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ उभे राहिले आणि कोयनेची वीज १९६२ पासून वाहू लागली. त्या मंडळाचे दोष सांगावेत तेवढे थोडे. तरी त्याच्या खांबांनी श्रीमंताच्या आणि गरिबाच्या दारात एकच तार नेली. जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले आणि ग्राहक हा नागरिक न राहता गिऱ्हाईक झाला. छपरावरील पॅनेल ही त्याच प्रवासाची पुढची पायरी आहे: आता प्रत्येकाने आपले वीज मंडळ आपल्या गच्चीवर उभारावे!

पाण्याच्या बाबतीत कोल्हापूरने हा मोह एकदा टाळला आहे. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. संस्थानाच्या तिजोरीतील तो पैसा प्रत्येक बड्या शेतकऱ्याला विहीर खणण्यासाठी अनुदान म्हणून वाटता आला असता. ज्याची जमीन त्याची विहीर, ज्याची विहीर त्याचे पाणी. कागदावर लाभार्थींची संख्याही मोठी दिसली असती. तसे झाले नाही. भोगावतीत पाणी आले, ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडविले गेले, आणि नदीपासून दूर असलेल्या, एकट्याने पंप-पाइप न परवडणाऱ्या शेतकऱ्यांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढून ते शेतात नेले. त्या संस्थांतही पुढे राजकारण शिरले, ऊसच सारे पाणी पिऊन गेला, ही टीका खरी आहे. परंतु नदीकाठ नसलेल्यालाही नदीचे पाणी मिळू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. गच्ची नसलेल्याला सूर्याची वीज का मिळू नये?

तांत्रिक अडचण येथे नाही. वीज तारेतून कोठेही जाते. कोणाच्या बिलात ती वजा करायची हा केवळ हिशेबाचा आणि नियमाचा प्रश्न आहे. जिल्ह्यातील सहकारी दूध संघ 'गोकुळ'ने सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात, लिंबेवाडीला, साडेसहा मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला आणि तेथील वीज आपल्या वापरात वळती करण्याची व्यवस्था केली. संघाला करमाळ्याचे ऊन कोल्हापुरात वापरता येते, तर राजेंद्रनगरच्या दोनशे कुटुंबांच्या संस्थेला महापालिकेच्या शाळेच्या गच्चीवरचे ऊन आपल्या बिलात का वापरता येऊ नये? दिल्लीत एका ठिकाणच्या संचाचे युनिट अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून देण्याचे नियम २०१९ मध्येच झाले. जर्मनीत भाडेकरूला सज्जाच्या कठड्यावर ८०० वॅटपर्यंतचा छोटा संच लावून भिंतीतील खोबणीत जोडण्याची मोकळीक आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली, आणि आपल्या करवीर तालुक्यातल्या शेळकेवाडीनेही तीच वाट धरली. गाव छोटे, ग्रामसभा जागी आणि गावाने मिळून ठरविले तर कोणाचे घर मागे राहत नाही, हे त्यातून दिसते. शहरात ग्रामसभा नाही. तेथे ते काम संघटनेने करायचे आहे.

खर्चाचीही सबब चालणार नाही. मोठ्या सौर प्रकल्पाला किलोवॅटमागे ४० ते ४५ हजार रुपये लागतात. खाजगी गच्चीवरील एका किलोवॅटला सरकार जे ३० हजार देते, त्यात सार्वजनिक मालकीच्या किलोवॅटचा दोन-तृतीयांश खर्च निघतो. गच्चीमुळे जमीन वाचते आणि वहनातील गळती टळते, हे गच्चीच्या बाजूने मांडले पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाला नीट न विचारता गायरानांकडे पाहिले जाते अशा तक्रारी आहेत, त्याही विसरता येत नाहीत. म्हणूनच शाळा, दवाखाने, बाजार समित्या, एस. टी. आगारे, सहकारी कारखान्यांची गोदामे यांच्या सार्वजनिक छपरांपासून सुरुवात झाली पाहिजे. त्या कृषी वाहिनीच्या प्रकल्पांतून वीज युनिटला सुमारे तीन रुपयांनी मिळते. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकाकडून २०२४-२५ मध्ये ५ रुपये ८८ पैसे घेतले जात होते. या दोन आकड्यांमधले अंतर भाडेकरूच्या बिलात किती उतरवायचे, हा प्रश्न विधानसभेत कोणी विचारला पाहिजे की नाही?

मागण्या मग आपोआप ठरतात. दोन किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचांची सध्याची जमा-वजाबाकी संचाच्या आयुष्यभर अबाधित राहील, अशी लेखी हमी आयोगाने द्यावी. त्यावरील क्षमतेचे अनुदान थांबवून तो पैसा सामाईक संचांना, बंगल्याइतक्याच, म्हणजे किलोवॅटमागे ३० हजारांच्या दराने द्यावा. महिन्याला १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकाला, त्याच्या नावावर छप्पर असो वा नसो, सार्वजनिक सौर संचातील वाटा मागण्याचा हक्क असावा आणि भाडेकरूला तो भाडेपावतीवर मिळावा. मार्चअखेर उरलेले युनिट अल्प दराने गिळण्याऐवजी पुढील वर्षात न्यावेत. मोठ्या संचांच्या मालकांनी तारांच्या खर्चाचा आपला वाटा द्यावा.

कोल्हापूरने टोलचे नाके उठविले, ते निवेदने देऊन नव्हे. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे आणि असंख्य सामान्य माणसे वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरली, करार वाचला, आकडे मांडले, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करणे भाग पडले. विजेचा प्रश्न टोलइतका डोळ्यांना दिसत नाही. तो बिलाच्या बारीक अक्षरांत लपलेला असतो. म्हणून प्रत्येक शाखेने आपापल्या पेठेतील, वस्तीतील पन्नास घरांची बारा महिन्यांची बिले गोळा करावीत: घर कोणाचे, मीटर कोणाच्या नावे, छप्पर कसले, युनिट किती, उपमीटरचा दर काय. आयोगाच्या पुढच्या जनसुनावणीत हरकत नोंदविताना तो तक्ता सोबत जोडावा, आणि त्याची एक प्रत महावितरणच्या कोल्हापूर परिमंडल कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.